सफाईचे बिल म्हणजे पगारपत्रक

प्रति,
सर्व आहरण व संवितरण अधिकारी, शासकीय कार्यालये व रुग्णालये,
तसेच सर्व मुख्याधिकारी, नगरपरिषदा व नगरपंचायती,
जिल्हे चंद्रपूर आणि गडचिरोली.

विषय : साफसफाईच्या कंत्राटी कामाची देयके दरमहा अदा करण्याबाबत.

महोदय / महोदया,

सरकारी कार्यालयाच्या साफसफाईचे देयक दिसायला पुरवठ्याच्या देयकासारखेच असते. त्यावर बिल क्रमांक असतो, जीएसटी क्रमांक असतो, कंत्राटदाराचा शिक्का असतो. आतला ऐवज मात्र वेगळा. शंभरातले नव्वदच्या आसपास रुपये कामगारांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा यांचे असतात. झाडू, फिनाईल, ॲसिड, हातमोजे आणि कंत्राटदाराचे सेवाशुल्क उरलेल्या दहा रुपयांत बसते. म्हणजे हे खरे तर पगारपत्रक आहे. फक्त ते कंत्राटदाराच्या लेटरहेडवर छापलेले असते. लेखा शाखेत मात्र ते टोनर, खुर्च्या आणि छपाईच्या बिलांच्या गठ्ठ्यात लागते आणि त्यांच्याच चालीने पुढे सरकते. टोनरवाल्याचे पैसे दोन महिने उशिरा आले तर त्याच्या दुकानाचे गणित बिघडते. सफाईचे बिल दोन महिने अडले तर किराणा दुकानाची उधारी बंद होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीतील सफाई कामगारांचे पगार महिनोन्महिने का थकतात, याचे बरेचसे उत्तर या गल्लतीत आहे.

गल्लतीची सुरुवात अर्थसंकल्पातच होते. कायम कर्मचाऱ्याचे वेतन ‘वेतन’ या उद्दिष्टाखाली मांडले जाते, त्याचे देयक सेवार्थ प्रणालीत तयार होते आणि महिना उलटताच रक्कम खात्यात पडते. त्याच इमारतीत, त्याच वेळेत काम करणाऱ्या सफाई कामगाराची मजुरी ‘कंत्राटी सेवा’ किंवा ‘कार्यालयीन खर्च’ या हेडखाली बसते. या हेडची पूर्ण तरतूद वर्षाच्या सुरुवातीला हाती येत नाही. वित्त विभाग ती बीम्स प्रणालीवर टप्प्याटप्प्याने खुली करतो, आणि राज्याच्या तिजोरीवर ताण आला की पहिली कात्री इथेच लागते. वेतनाला कात्री लावण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. संघटना आहेत, संप होतात, मंत्रालय हलते. कंत्राटी सेवेच्या हेडला संघटना नसते. मग लेखा शाखेतून ठरलेले उत्तर येते, ‘ग्रँट नाही’. उत्तर खोटे नसते. पण ते ऐकणाऱ्याने त्याच दिवशी त्याच कार्यालयाची प्रसाधनगृहे धुतलेली असतात.

वर्षाचे चक्रही ठरलेले आहे. एप्रिल-मे नव्या ग्रँटची वाट पाहण्यात जातात. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर झाली तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही रक्कम सुटते. बाकीचे हिवाळी अधिवेशनावर ढकलले जाते. ते भरते नागपूरला, चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटरवर. तिथे मंजूर झालेल्या मागणीला हे दीडशे किलोमीटर कापायला अनेकदा मार्च उजाडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात बिलांचा ढीग पडतो, सर्व्हर अडखळतो, आणि 31 तारखेच्या रात्री जे सुटत नाही त्याची तरतूद व्यपगत होते. नव्या वर्षात तेच बिल ‘मागील वर्षाचे दायित्व’ म्हणून परत पहिल्या टेबलावर येते. त्याला वेगळी मान्यता लागते, वेगळे स्पष्टीकरण लागते. काम झाले होते, प्रमाणपत्र झाले होते, फक्त तारीख उलटली होती.

नगरपंचायतींची अडचण निराळ्या घडणीची आहे. 2015 च्या सुमारास गडचिरोलीतील बहुतेक तालुक्यांच्या गावांना ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायत मिळाली. भामरागड, एटापल्ली, कोरची, मुलचेरा यांसारख्या ठिकाणी घरपट्टीतून येणारे उत्पन्न ते किती असणार? घनकचऱ्याचे कंत्राट चालते ते मुख्यतः अनुदानावर. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीचा मोठा भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. हेतू चांगलाच होता. पण असे अनुदान हप्त्याने येते. हप्ते वर्षाला दोन आणि पगार बारा, हे गणित जुळवण्याचा भार घंटागाडीवरच्या माणसावर येऊन पडतो.

त्यात भूगोल. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बारा तालुक्यांचा आहे आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोनशे किलोमीटरांच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. या काळात ऑनलाइन हजेरी नोंदत नाही, स्कॅन केलेले कागद चढत नाहीत, आणि मूळ प्रतीचा आग्रह धरणारे कार्यालय नदीच्या पलीकडे असते. रिक्त पदांचे दुखणे त्याहून मोठे. दुर्गम तालुक्यात पूर्णवेळ अधिकारी नसतो; ‘प्रभार’ शेजारच्या तालुक्यातील अधिकाऱ्याकडे असतो आणि तो आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. बदली झालेल्याने सही करायची नाही, आलेल्याच्या सहीचा नमुना कोषागारात गेलेला नाही, अशा मधल्या काळात बिल कोणाचेच नसते. या अडचणींचा दोष कोणा एका अधिकाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र पूर दरवर्षी येतो, बदल्याही दरवर्षी होतात, आणि त्यांची तजवीज करारात एका ओळीनेही केलेली नसते, याचा दोष कोणाचा तरी आहेच.

देयकाचा रस्ता कागदावर सरळ आहे. महिना संपला की हजेरीपत्रकावर संबंधित विभागप्रमुखाची सही, समाधानकारक काम झाल्याचे प्रमाणपत्र, मजुरी बँकेत जमा केल्याचा पुरावा, निर्वाह निधी व विम्याची चलने, मग कर बीजक, मग लेखा शाखेची तपासणी, आहरण अधिकाऱ्याची सही, कोषागार किंवा उपकोषागार, आणि शेवटी कंत्राटदाराच्या खात्यात रक्कम. प्रत्यक्षात हा रस्ता पहिल्याच वळणावर अडतो. ज्या विभागप्रमुखाने प्रमाणपत्र द्यायचे त्याला ते आपले काम वाटत नाही. ते मिळेपर्यंत दुसऱ्या महिन्याची दहा तारीख जाते. पुढे लेखा शाखेत त्रुटी निघते. त्रुटी निघण्यात गैर काही नाही. गैर आहे ती एकेक करून निघण्यात. पहिल्या खेपेला शिक्का पुसट असतो. तो सुधारून आणला की चलनावरील महिना तपासला जातो, आणि तिसऱ्या खेपेला करारनाम्याची प्रत जोडलेली नसल्याचे कळते, जी त्याच कार्यालयाच्या कपाटात असते. कोरचीहून किंवा जिवतीहून जिल्ह्याच्या ठिकाणी एक फेरी म्हणजे एक दिवस. सर्व त्रुटी एकाच वेळी, एकाच कागदावर, तारखेसह लेखी कळवाव्यात, ही मागणी नियमांच्या बाहेरची नाही. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, ग्रँटही लागत नाही.

पैशाचा हिशेब एकदा उघड मांडणे गरजेचे आहे, कारण ‘कंत्राटदार काय, कमावतोच आहे’ ही समजूत कार्यालयांत पक्की आहे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका प्रशासकीय इमारतीत दहा कामगार आहेत आणि प्रत्येकाची मजुरी 12,000 रुपये धरली आहे. मजुरीचे 1,20,000 झाले. निर्वाह निधीत मालकाचा वाटा, विमा व प्रशासकीय आकारासह 13 टक्के, म्हणजे 15,600. राज्य कामगार विम्याचे 3.25 टक्के, म्हणजे 3,900. साहित्य 6,000. सेवाशुल्क 4,500. बेरीज दीड लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी 27,000 धरून बिल 1,77,000 रुपयांचे होते. अदा करताना कार्यालय दीड लाखावर एक टक्का आयकर आणि दोन टक्के जीएसटीची कपात करते, मिळून 4,500. खात्यात येतात 1,72,500. आता खर्चाची बाजू. मजुरी, निर्वाह निधी, विमा, साहित्य आणि भरलेला जीएसटी यांची बेरीज करावी; तीही 1,72,500 येते. हाती आलेला आकडा आणि हातून गेलेला आकडा एकच. सेवाशुल्काचे साडेचार हजार कपातीच्या रूपाने सरकारजमा झालेले असतात. ते पुढे जीएसटीच्या खात्यातील जमेतून आणि आयकर विवरणपत्रानंतर परत मिळायचे असतात. त्यासाठीही कार्यालयाने जीएसटीआर-7 हे विवरणपत्र वेळेत भरावे लागते. अनेक कार्यालये ते महिनोन्महिने भरत नाहीत. मग कपात झालेली रक्कम कंत्राटदाराच्या खात्यात दिसतच नाही.

हे झाले बिल वेळेवर निघाले तर. ते न निघाले तरी कामगारांची मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायची असते, निर्वाह निधी व विमा 15 तारखेपर्यंत, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटी 20 तारखेपर्यंत. सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून सरकारचा कर थांबत नाही. दीड टक्का मासिक व्याजाने उचल घेतली तर 1,72,500 वर महिन्याला सुमारे 2,590 रुपये जातात. दुसरा महिना पुरा होण्याआधीच साडेचार हजारांचे सेवाशुल्क संपलेले असते. त्यानंतरचा प्रत्येक महिना कंत्राटदार कर्जातून चालवतो किंवा कामगार उपाशी चालवतो. अनेक निविदांत एक अट ठळक असते : शासनाकडून देयक मिळण्याची वाट न पाहता कंत्राटदाराने मजुरी अदा करावी. ही अट एक-दोन महिन्यांसाठी समजण्यासारखी आहे. सहा महिन्यांसाठी ती सरकारला बिनव्याजी कर्ज देण्याची अट ठरते, आणि ते कर्ज देण्याची ऐपत मोठ्या शहरांतील मोठ्या कंपन्यांचीच असते. स्थानिक माणूस मग त्यांचा उपकंत्राटदार होतो. साखळीत एक कडी वाढते आणि पगार आणखी एका टेबलाने लांबतो.

जीएसटीबाबत एक उपकथा आहे. नगरपरिषदेच्या रस्त्यांची झाडलोट किंवा घनकचरा उचलणे ही घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील कामे. त्यांच्याशी संबंधित निव्वळ सेवा शासनाला किंवा स्थानिक संस्थेला दिली तर ती करमुक्त आहे. कार्यालयीन इमारतीची सफाई करपात्र. निविदेत मात्र बहुधा ‘सर्व करांसह दर’ एवढेच लिहिलेले असते, आणि काम संपताना लेखा शाखा व कंत्राटदार यांच्यात कराचा वाद सुरू होतो. निविदा काढतानाच कर लागू आहे की नाही हे लिहिले तर हा वाद उरणार नाही.

कामगारांच्या बाजूने हा उशीर कसा दिसतो ते या दोन जिल्ह्यांत लपलेले नाही. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयातील शेकडो कंत्राटी कामगार थकीत पगार आणि किमान वेतनासाठी 2021 च्या फेब्रुवारीत डेरा टाकून बसले आणि ते आंदोलन महिनोन्महिने चालले. करोनाची दुसरी लाट त्याच काळातली. तालुक्याच्या गावी आंदोलन होत नाही. तिथे कामगार फक्त येईनासा होतो. मोहफुले वेचायचे दिवस आले, तेंदूचा हंगाम लागला, धानाची रोवणी सुरू झाली की हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणा वाढतात. रोवणीची मजुरी कमी असेल, पण ती हाती पडते. अधिकारी याला बेशिस्त म्हणतात आणि बिलातून दंड कापतात. तीन महिने पगार न झालेल्या बाईने रोवणीला जाणे बेशिस्त असेल, तर शिस्त कशाला म्हणायचे ते एकदा ठरवावे लागेल. सफाईच्या कामात बायकांची संख्या मोठी आहे, आणि अनेक घरांत हा महिन्याचा एकमेव ठरलेला पैसा असतो.

कायद्याने जबाबदारी कोणाची, याबद्दल कार्यालयांत एक सोयीची समजूत आहे : कामगार कंत्राटदाराचे, कार्यालयाचा त्यांच्याशी संबंध नाही. कायदा असे कधीच म्हणत नव्हता. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, 1970 च्या कलम 21 नुसार मजुरी देणे हे कंत्राटदाराचे काम होते. त्याने ती दिली नाही किंवा कमी दिली तर मुख्य मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कार्यालयाने, ती द्यायची आणि कंत्राटदाराच्या देण्यातून वसूल करायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. ही तरतूद आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम 55 मध्ये आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा तो भाग 50 किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो, आणि तालुक्याच्या कार्यालयांतील जवळजवळ सर्व सफाई कंत्राटे त्या आकड्याखाली राहतात. पण वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. महिन्याची मजुरी पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि देणाऱ्याने ती दिली नाही तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर जबाबदारी, असे ती संहिता सांगते.

याच संहितांत एक अजब गोष्ट आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावता येत नाहीत. मात्र आस्थापना सफाईसाठीच स्थापन झालेली नसेल तर झाडलोट, साफसफाई आणि कचरा उचलणे हे मुख्य काम समजायचे नाही. तहसील कार्यालयासाठी हे मान्य करता येईल. ज्या रुग्णालयात संसर्ग रोखण्याचे निम्मे काम फरशीवर आणि प्रसाधनगृहात होते, तिथे ते मुख्य नाही म्हणणे कायद्याच्या पुस्तकातच शोभते. नगरपरिषदांचा प्रश्न तर खुलाच आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यांची स्वच्छता हे त्यांचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. मग नगरपरिषद सफाईसाठी स्थापन झालेली नाही असे कोणी म्हणावे? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढा दिला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून त्यांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब करून घेतले. दहा-बारा कामगारांच्या पोंभुर्ण्याच्या किंवा धानोऱ्याच्या कंत्राटात तशी लढाई उभी राहणे कठीण आहे. म्हणून येथे निदान पगार वेळेवर होण्यापुरती तरी अपेक्षा ठेवायची.

गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी, सप्टेंबर 1982 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद 23 खालील वेठ आहे, आणि मजूर कंत्राटदाराचे आहेत म्हणून सरकारला हात झटकता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. किमान वेतनाचा विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी बदलतो. करारातील दर मात्र निविदेच्या दिवशीचा असतो आणि तो दोन-तीन वर्षे तसाच राहतो. भत्ता वाढला की फरक कोणी द्यायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. वाढीव भत्ता आपोआप देय राहील, एवढे एक वाक्य करारात घातले तर हा पत्रव्यवहार कायमचा बंद होईल.

कंत्राटदाराला स्वतःलाही कायद्याचे संरक्षण आहे, निदान कागदावर. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवापुरवठादाराचे पैसे कोणत्याही स्थितीत 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. शासकीय विभागही त्यातून सुटत नाही. 2017 पासून ऑनलाइन तक्रार करता येते. तरीही तक्रारी फार होत नाहीत, आणि कारण कार्यालयांना ठाऊक आहे : तक्रार करणाऱ्याची पुढची निविदा उघडणारा अधिकारी तोच असतो. लहान उद्योगांचे पैसे थकवणाऱ्या खासगी कंपनीला आता आयकरात त्या खर्चाची वजावट वेळेत मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की कंपन्या घाईने बिले भागवतात. सरकारी कार्यालय आयकर भरत नाही, तेव्हा हा चिमटा त्याला बसत नाही. अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना ट्रेड्स या बीजक-वटवणी मंचावर नोंदणी सक्तीची आहे. चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स त्या वर्गात येते. तिथे कंपनीने बीजक स्वीकारले की बँक आधी पैसे देते आणि कंपनीकडून नंतर घेते. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी अशी सक्ती नाही. खरे तर सफाईच्या बिलाइतके नियमित, महिन्यामागून महिना त्याच रकमेचे बीजक बँकेला दुसरे कुठले मिळणार?

कंत्राटदारांच्या बाजूने बोलताना त्यांची पापे झाकण्याचे कारण नाही. कामगारांची एटीएम कार्डे स्वतःच्या कपाटात ठेवणारे कंत्राटदार आहेत. खात्यात पूर्ण मजुरी टाकून त्यातले दोन-तीन हजार रोखीने परत मागणारे आहेत. आठ कामगार लावून दहांची हजेरी भरणारे आहेत, आणि निर्वाह निधीच्या चलनावर भलत्याच साइटच्या कामगारांची नावे दाखवणारेही आहेत. कार्यालयांचा संशय आकाशातून पडलेला नाही. पण त्यावरचा उपाय बिल अडवणे हा नाही, कारण अडवलेल्या बिलाची झळ चोर कंत्राटदाराला सगळ्यात कमी लागते. निर्वाह निधीच्या मासिक ईसीआरमधील नावे हजेरीपत्रकाशी ताडून पाहायला लेखा लिपिकाला अर्धा तास लागतो. कामगाराच्या हातात त्याचे पासबुक आहे का, हे इमारतीतच विचारता येते. आणि सेवाशुल्क शून्याला टेकवणारी निविदा सर्वांत कमी दराची म्हणून स्वीकारताना हा माणूस जगणार कशावर, असा प्रश्न त्याच वेळी पडायला हवा. तो कामगाराच्या मजुरीवर जगणार, हे उत्तर सर्वांना माहीत असते.

तेव्हा विनंती अशी. बाराही महिन्यांची तरतूद संबंधित हेडखाली उपलब्ध असल्याची खात्री झाल्याशिवाय सफाईची निविदा काढू नये. निदान ग्रँट खुली होताच तिच्यावर पहिला हक्क मजुरीचा राहील अशी नोंद वार्षिक खर्च नियोजनात करावी. हजेरीपत्रकावरील सही महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्हावी आणि प्रमाणपत्र तीन दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ते मिळाले असे समजण्याची तरतूद करारात असावी. प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना प्रभार घेतला त्याच दिवशी कोषागारात पोहोचावा.

सर्वांत महत्त्वाची विनंती बिल दोन भागांत घेण्याची आहे. एका भागात मजुरी, निर्वाह निधी, विमा आणि कर. दुसऱ्यात साहित्य आणि सेवाशुल्क. कामाच्या दर्जाबाबत वाद असेल, दंड लावायचा असेल, कागद अपुरे असतील तर दुसरा भाग रोखून धरावा. पहिला भाग वेतन देयकासारखा दरमहा निघावा. दंड सेवाशुल्काच्या मर्यादेपलीकडे जाऊ नये, कारण पलीकडे तो कामगाराच्या ताटातून कापला जातो. कंत्राटदार मजुरी देत नसेल तर कार्यालयाने ती थेट कामगारांच्या खात्यात जमा करून त्याच्या बिलातून वळती करावी. हा अधिकार कायद्याने 1970 पासून दिलेला आहे. त्याचा वापर केल्याने कोणा अधिकाऱ्याची चौकशी लागल्याचे ऐकिवात नाही. न वापरल्याने मात्र धरणे, उपोषणे आणि न्यायालयाच्या नोटिसा येतच राहतात.

जीएसटीआर-7 दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत आणि आयकर कपातीचे विवरणपत्र तिमाहीला भरले जावे. कराराची मुदत संपल्यावर सुरक्षा अनामत परत करण्यासाठी तारीख ठरलेली असावी. अनेक लहान कंत्राटदारांची अनामत जुन्या फायलीत अडकून पडली आहे आणि ती फाईल शोधण्याचे कामही त्यांनाच सांगितले जाते. मुदतवाढीबाबतही तेच. निविदा वेळेत होत नाही म्हणून ‘पुढील आदेशापर्यंत काम चालू ठेवावे’ असे तोंडी सांगितले जाते, आणि त्या महिन्यांचे बिल आले की मुदतवाढीचा आदेश कुठे आहे असे लेखी विचारले जाते. तोंडी आदेशावर काम करून घेण्याची ही पद्धत आजपासूनच बंद करावी, आणि सध्या अशा मुदतवाढीत चालू असलेल्या प्रत्येक कंत्राटाचा लेखी आदेश या महिन्याअखेर काढावा.

कळावे,

आपला विश्वासू,
साफसफाई सेवेचा एक नोंदणीकृत कंत्राटदार,
चंद्रपूर

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
जिल्हा कोषागार अधिकारी, चंद्रपूर व गडचिरोली
सहायक कामगार आयुक्त, चंद्रपूर